घडीवरचा काळा

काळी शाई घडीवर फुटते. रेकॉर्ड कव्हरच्या स्पाइनच्या कडेला पांढऱ्या केसासारखी रेघ उमटते आणि बाकी कव्हर कितीही देखणं असो, माझी नजर तिथेच जाते. प्रेसमध्ये क्रीजिंगवर, म्हणजे घडीची खाच पाडायच्या मशीनवर, असलेले मामा गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून ही रेघ माझ्या मानगुटीवर बसली आहे. मशीन तेच, डायही तीच. पण बोर्ड बोटांत वाकवून त्या खाचेचा चॅनेल किती रुंद ठेवायचा ते मामा ठरवायचे, घडीचा उंचवटा आत नीट बसला की नाही ते नखाने तपासायचे.

सध्या पुण्यातल्या एका इंडी बँडचा एलपी हातात आहे. पदरचे पैसे घालून पोरं 300 प्रती काढताहेत. कव्हरवर भिडे पूल बुडालेल्या रात्रीची मुठा, पुढून मागे सलग वाहणारं काळं पाणी. स्पाइनच्या 3 मिलिमीटरमधूनच नदी जाते. मुद्रक म्हणतात, "सर, स्पाइन पांढरा सोडा ना!" कागद वाचवायला ते जॉब शीटवर आडवा बसवतात, बोर्डाच्या तंतूंचा ग्रेन घडीला काटकोनात जातो, मग शाई फुटणारच. मॅट लॅमिनेशनने रेघ बरीच दबते, पण काळा राखाडी पडतो. गाभ्यापर्यंत काळा असलेला बोर्ड घ्यावा, तर त्यावर पांढऱ्या शाईचं सिल्कस्क्रीन आलं आणि लाटांवरचे बारीक करडे टोन गेले. अंथरुणावर पडलो तरी डोक्यात हेच चालू असतं.

"दादा, ऐकणारे सगळे फोनवर ऐकतात, स्पाइन बघतंय कोण?" असं बँडचा ड्रमर म्हणाला. मला ते फार लागलं. अल्बम मुळात पुस्तकासारखाच बांधलेला असे. आत 78 आरपीएमच्या तबकड्यांची पाकिटं आणि नाव स्पाइनवर. ॲलेक्स स्टाइनवाइसने कोलंबिया रेकॉर्ड्ससाठी चित्रांची कव्हरं काढायला सुरुवात केली ती 1940च्या सुमारास. आजही रेकॉर्ड कपाटात उभी राहिली की तिचा स्पाइन तेवढा दिसतो.

हल्लीचे पोर्टफोलिओ मॉकअपने भरलेले असतात. त्यांतली घडी कधी फुटत नाही, कारण ती कधी कुणी घातलेलीच नसते. प्रेसची पायरी न चढता कव्हरं करणाऱ्यांना मी डिझायनर मानत नाही.

अहंकार मलाही आहे. कुणाकडे गेलो की आधी कपाटापाशी जाऊन माझे स्पाइन शोधतो. गेटफोल्ड उघडताना अंगठा जिथे टेकतो, नेमकं तिथे माझं नाव बारीक टायपात घालतो आणि ते हलवायला कुणी सांगितलं तर ऐकत नाही.

ग्रेन घडीला समांतर घेतला, तर एका शीटवर कव्हरं कमी बसतात. वाढीव बोर्डाचे पैसे माझ्या मानधनातून कापा, असं बँडला कळवलं आहे. मशीनवरचा नवा मुलगा निरनिराळ्या चॅनेलचे नमुने काढून देणार आहे. कोऱ्या बोर्डावर काही कळत नाही, काळा सॉलिड छापून मगच घडी घाल, असं त्याला बजावून आलो आहे.