बाराची घंटा

बालमित्रांनो, तुम्ही कधी यादी हातात घेऊन फिरायला गेला आहात का? मी गेलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला वसई दाखवायची ठरली आणि आदल्या रात्री मी कागदावर आठ ठिकाणं लिहून काढली. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ! किल्ला पाऊण तास, पापडीचं चर्च वीस मिनिटं, निर्मळचं देऊळ वीस मिनिटं, अर्नाळ्याचा समुद्र अर्धा तास... असा सगळा चोख हिशेब.

भाचेबुवा सातवीत. त्यांचीही एक यादी होतीच. सकाळी गणिताचा क्लास, दुपारी तबला, संध्याकाळी स्पर्धापरीक्षेचा क्लास. रविवारी तर जास्तच, कारण रविवारी शाळा नसते ना! ताईनं दोन दिवसांची दांडी मारायला परवानगी दिली, पण पुस्तकं बरोबर न्यायच्या अटीवर.

शनिवारी सकाळी दादरहून विरार लोकल पकडली. भाईंदर गेलं की गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावर धडधडत चढते. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी आणि मध्ये पाणजू बेट. हे बघण्यासारखं असतं, पण मी तेव्हा घड्याळाकडे बघत होतो.

किल्ल्यात शिरलो. वसई १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढं दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिली. तटाच्या आत त्यांनी एक शहरच वसवलं होतं. आज तिथं छप्पर नसलेल्या चर्चच्या उंच भिंती उभ्या आहेत, त्यांतून पिंपळ-वड उगवलेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी मोठी झुंज देऊन हा किल्ला जिंकला. मग विजयाची खूण म्हणून इथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. त्यांतली एक भीमाशंकरच्या देवळापुढे टांगलेली आहे. एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. आणखी एक वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे. तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल! जी घंटा वसईत प्रार्थनेला बोलवायची, तीच आता महादेवाच्या दारात वाजते.

भाचा म्हणाला, "मामा, त्या मनोऱ्यात वर चढता येतं का?"

मी म्हटलं, "पाऊण तास संपला. चल!"

पापडीचं चर्चही असंच पळतपळत झालं. जेवायला माझ्या एका मित्राच्या घरी जायचं होतं. त्याचं घर वाडीत आहे. वसईत वाडी म्हणजे बाग. केळी, सुपारी, पानवेली, मोगरा, भाजी असं सगळं दाटीनं वाढलेलं. मधूनच एखादं बावखल लागतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. जुन्या शेतकऱ्यांनी ही तळी खणून पावसाचं पाणी साठवलं, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही इथली बाग हिरवीगार राहिली.

मित्र बाजारात गेला होता. त्याची आई, म्हणजे आपली आजी, वाफ्यात खुरपं घेऊन बसली होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण हात कसा भराभर चालला होता! आम्हाला बघून तिनं घरात हाक मारली ती सामवेदी बोलीत. ही तिकडच्या ख्रिस्ती कुपारी लोकांची घरातली बोली. मग आमच्याशी मराठीत बोलायला लागली, "बसा बाबा, एवढी ओळ उरकते आणि येते."

एवढ्यात लांबून घंटा ऐकू आली. टण्, टण्, टण्. थोडी उसंत. पुन्हा तीन ठोके. पुन्हा उसंत. पुन्हा तीन. आणि मग लागोपाठ घंटानाद.

पहिल्या ठोक्यालाच आजीचा हात थांबला. ओळ अर्धीच होती. चार-पाच रोपं तर राहिली होती! पण तिनं खुरपं खाली ठेवलं, उभी राहिली, क्रुसाची खूण केली आणि डोळे मिटले. पलीकडच्या वाडीत पाण्याचा पाइप धरलेली एक बाई होती, तीही थांबली. मिनिट-दोन मिनिटं झाली असतील. मग आजीनं डोळे उघडले आणि आमच्याकडे बघून हसली.

ही आंजेलुसची घंटा. सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी, अशी दिवसातून तीन वेळा. आंजेलुस म्हणजे लॅटिनमध्ये देवदूत. देवदूत गाब्रिएलनं मारियेला येशूच्या जन्माचा निरोप सांगितला, त्याची आठवण या प्रार्थनेत करतात. फ्रान्समध्ये झाँ फ्रान्स्वा मिले नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याचं याच नावाचं चित्र जगप्रसिद्ध आहे. बटाट्याचं शेत, संध्याकाळची वेळ आणि हातातलं काम टाकून मान खाली घालून उभे असलेले दोघं नवरा-बायको. मिलेची आजी घंटा ऐकू आली की शेतातल्या सगळ्यांना थांबवायची. त्या आठवणीतून त्यानं ते चित्र काढलं. आणि आमच्यासमोर वसईची आजी तशीच उभी होती.

भाच्याला राहवेना. "आजी, चारच रोपं राहिली होती. ती संपवून थांबायचं ना!"

आजी म्हणाली, "काम कधी संपतं का रे? त्याला सांगायचं, तू थांब आता. ते आपणहून थांबत नाही."

जेवण झाल्यावर ती ओट्यावर बसली आणि एक गोष्ट सांगू लागली. तिचा नवरा ऐन चाळिशीत गेला. पदरात तीन मुलं, वाडीवर कर्ज. तिनं ठरवलं, आता रविवार पाळून चालायचं नाही. रविवारीही पहाटे उठून भाजी काढायची, जुड्या बांधायच्या, सोमवारच्या बाजाराची तयारी करायची. चर्चला जाणं सुटलं. घंटा ऐकू यायची, पण हात थांबत नव्हता.

"सहा महिने सातही दिवस राबले," आजी म्हणाली. "पैसे थोडे जास्त आले, खोटं कशाला सांगू? पण मुलं काय बोलतात ते कानावर येऊन आत शिरेना. धाकट्याला ताप भरला होता. घरातच होता माझ्या. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं."

आम्ही दोघंही गप्प. धाकटा म्हणजे माझा मित्र!

"त्या दिवशी बाराची घंटा झाली आणि मी खाली बसलेच. म्हटलं, देवा, तू सहा दिवसांत जग केलंस आणि सातव्या दिवशी विसावलास. मी काय तुझ्याहून मोठी लागून गेले? पुढच्या रविवारी मुलांना घेऊन मिस्साला गेले. वाडी काही मेली नाही. कर्जही फिटलं. दोन वर्षं उशिरा फिटलं, एवढंच."

मुलांनो, बायबलमधली ही विसाव्याची आज्ञा फार जुनी आहे. सहा दिवस काम, सातवा दिवस विसावा. हा विसावा एकट्या मालकाचा नाही हं! घरातले नोकरचाकर, परगावचा पाहुणा, बैल आणि गाढव, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. शेताला सुद्धा सातव्या वर्षी पडीक ठेवून विसावा द्यायचा असं तिथं सांगितलंय. ज्यू लोक शनिवारी हा दिवस पाळतात. येशू रविवारी पुन्हा जिवंत झाला असं ख्रिस्ती लोक मानतात, म्हणून त्यांचा रविवार. आणि येशूही शिष्यांना एकदा म्हणाला होता, की चला, जरा एकांतात जाऊ, थोडं विसावू. तेव्हा त्यांच्याभोवती इतकी माणसं येत-जात होती की त्यांना जेवायलासुद्धा फुरसत मिळत नव्हती!

तुम्ही म्हणाल, रविवारची सुट्टी तर आपल्या सगळ्यांनाच असते. असते, पण ती आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार सातही दिवस राबत. जोतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, तो आम्हाला मिळालाच पाहिजे, असं ते सांगत. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. विसावा कुणा एका धर्माच्या माणसालाच लागतो असं थोडंच आहे?

त्या रात्री आम्ही आजीकडेच राहिलो. रविवारी सकाळी सगळं घर चर्चला निघालं. आम्हीही गेलो. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. १९६० च्या दशकात व्हॅटिकनमध्ये मोठी धर्मपरिषद भरली, त्यानंतर लोकांच्या भाषेत प्रार्थना सुरू झाली. वसईत ती मराठीत चालते. मराठी गाणी, मराठी प्रवचन. आपले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात ना? २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. वसईची हिरवाई वाचावी म्हणून चळवळही केली. २०२४ मध्ये ते गेले.

मिस्सा झाल्यावर कुणी पळालं नाही. अंगणात माणसं घोळक्यानं उभी राहिली. कुणाच्या गुडघ्याची चौकशी, कुणाच्या लेकीचं लग्न. मी मनातल्या मनात चुळबुळत होतो. यादीतली पाच ठिकाणं राहिली होती!

घरी आल्यावर आजीची नात दिसली नाही. ती मुंबईत नर्स आहे आणि त्या रविवारी तिची ड्यूटी होती. भाच्यानं लगेच पकडलं, "म्हणजे तिला विसावा नाही?"

आजी म्हणाली, "आजाऱ्याला रविवार नसतो, बाळा. येशूनं विसाव्याच्या दिवशी आजारी माणसांना बरं केलं, तेव्हा लोक त्याच्यावर रागावलेच होते. माझी नात बुधवारी घरी असते. त्या दिवशी तिला मी विळीसुद्धा धरू देत नाही."

"आणि माझी परीक्षा असली तर?"

"सहा दिवस मन लावून अभ्यास कर. मग सातव्या दिवशी पुस्तक मिटताना भीती वाटणार नाही."

दुपारी सगळं घर झोपलं. मला झोप येईना. अर्नाळ्याला जावं म्हणून मी भाच्याला शोधायला निघालो. तो बावखलाच्या काठावर एकटाच बसला होता. मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या फांदीवर एक खंड्या बसला होता. निळा झगझगीत, चोच लालभडक. आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. मग खंड्यानं एकदम पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. भाचा ओरडलाच!

"मामा, तू आलास तेव्हापासून तो नुसताच बसला होता. मला वाटलं, आळशी आहे."

संध्याकाळची घंटा झाली तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत होतो. रिक्षा दारात उभी होती. आजी थांबली, मित्र थांबला, रिक्षावाल्यानंही इंजिन बंद केलं. मी ख्रिस्ती नाही. पण त्या दोन मिनिटांत मीही गप्प उभा राहिलो आणि सकाळपासून पहिल्यांदा मला घड्याळाची आठवण झाली नाही.

परतीच्या लोकलमध्ये मी यादी काढली. आठपैकी तीन ठिकाणं झाली होती, आणि त्यांतलंही धड काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते आजीचं अर्धवट राहिलेलं वाफ्याचं टोक, तिच्या धाकट्याचा ताप आणि तो खंड्या.

घरी गेल्यावर भाच्यानं ताईपुढे आपलं वेळापत्रक ठेवलं. रविवारची संध्याकाळ त्यानं पेन्सिलीनं चौकोन करून मोकळी सोडली होती. ताईनं विचारलं, "इथं काय करणार?"

"काही नाही," तो म्हणाला.

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग तो चौकोन तिनं तसाच राहू दिला.

मुलांनो, तुम्ही वसईला जाल तेव्हा किल्ला जरूर बघा, मनोऱ्याखाली निवांत उभे राहा. बाराच्या सुमाराला मात्र एखाद्या वाडीच्या आसपास असा. आणि जाणं जमलं नाही, तर आई-बाबांना हा लेख वाचायला द्या आणि आपल्या घरात असा एक चौकोन कुठं बसतो ते त्यांच्याबरोबर शोधा.