रेषेखालचा रंग

पोळ्याच्या सजवलेल्या बैलाचे रेखाचित्र पुरे झाल्यावर त्याच्या पाठीवरील झुलीत डाळिंबी रंग भरावा, या हेतूने मी क्रिटा या चित्रे काढण्याच्या संगणकप्रणालीतील बादलीचे चिन्ह निवडून लेखणी झुलीच्या मध्यावर टेकवली, आणि पापणी लवते न लवते तोच झूल, मागचे आभाळ अन् पायांखालची माती एकाच डाळिंबी पुरात बुडून गेली; बैलाचे अंग तेवढे पांढऱ्या बेटासारखे उरले. भाताच्या बांधाला रात्रीतून खेकड्याने भोक पाडावे आणि सकाळी खाचर रिते दिसावे, तसा हा प्रकार होता. “बाबा, आधी फट शोधा,” शेजारी बसलेली मुलगी म्हणाली. वशिंडापाशी, जिथे माझा हात क्षणभर उचलला गेला होता, तिथे ती सापडली.

बादलीतील रंगाला बैल ठाऊक नसतो, झूल ठाऊक नसते. ज्या ठिपक्यावर तो पडतो त्याच्या शेजारचा ठिपका त्याच वर्णाचा आहे की नाही एवढीच तो चौकशी करतो, असल्यास तिथला कब्जा घेतो, आणि पुढल्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. रेषेने अडवले तरच तो थांबायचा.

फट बुजवून पुन्हा रंग ओतला. आता तो झुलीतच राहिला खरा, परंतु कडेने एक पांढरी कोर उरली. चित्र आठपट वाढवून पाहिले, तेव्हा जी रेषा मी काळी आणि अखंड समजत होतो तिचे ठिपके मध्यभागी काजळासारखे, दोन्ही अंगांना राखाडी, आणि त्यापलीकडे धुक्याइतके फिकट होत पायरीपायरीने शुभ्रतेत विरत गेलेले दिसले. तिरकी रेषा डोळ्याला गुळगुळीत भासावी म्हणून संगणकाने केलेली ही तजवीज. पण त्या राखाडी ठिपक्यांना परके समजून रंग अलीकडेच थबकतो. शाळेत जलरंग भरताना, रेषेबाहेर जाण्याच्या धास्तीने माझा कुंचला नेमका एवढाच अलीकडे थांबत असे, आणि माझ्या साऱ्या फुलांना, साऱ्या होड्यांना हीच पांढरी कोर असे. ती पुन्हा समोर आलेली पाहून माझे मन भरून आले.

उपाय असा की रेषा वरच्या थरावर ठेवायची, रंग खालच्या थरावर भरायचा, आणि त्या रंगाला रेषेच्या पोटाखाली एकदोन ठिपके सरकण्याचा परवाना द्यायचा. छपाईच्या धंद्यात हे मर्म फार जुने आहे. शेजारचे दोन रंग तिथे किंचित एकमेकांवर चढवूनच ठेवतात, कारण कागद केसभर तरी सरकतोच. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तसल्या छपाईत प्रत्येक रंगाची शिळा निराळी, आणि एकच कागद त्या साऱ्या शिळांवर, दर खेपेस अचूक त्याच जागी बसवावा लागे. फोटोशॉपमध्ये १९९४ साली आलेले थर मला त्या जड, ओल्या शिळांचेच वंशज वाटतात.

आणि मग मुलीने मला थरावरील चौकड्यांचे एक लहानसे चिन्ह दाखवले. ते दाबले की जिथे रंग आहे तिथेच नवा रंग लागतो. जिथे थर रिकामा आहे तिथे कुंचला कितीही फिरवा, एक ठिपकाही उमटत नाही. झुलीच्या थराला असे कुलूप घातल्यावर मी जाडजूड कुंचला घेतला आणि खांद्यापासून हात मोकळा सोडून, शाळेत कधी मारता आला नाही असा एक लांब, बेफिकीर फटकारा सावलीसाठी मारला. तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, पण उमटला फक्त झुलीवर, तिच्या वळणावळणाने. मी तसे कितीतरी फटकारे मारले. गरज नव्हती तेव्हाही मारले.

खुरांनी उडवलेली धूळ मात्र मी निराळ्या थरावर, कुलूप काढून रंगवली.