दारावरची चिठ्ठी

समजा, घर सोडून जायचंय आणि परत कधी यायचं ते ठाऊक नाही. निघताना दारावर तुम्ही काय लिहाल?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात टाइनहॅम नावाचं चिमुकलं गाव आहे. टेकड्यांमधली हिरवी दरी, पलीकडे समुद्र. एक चर्च, एक शाळा, दगडी घरांची रांग. शेती आणि मासेमारी करून राहणारी माणसं. १९४३ च्या नोव्हेंबरात, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, गावकऱ्यांना सरकारी पत्र आलं. सैन्याला रणगाड्यांच्या सरावासाठी ही दरी हवी आहे, महिन्याभरात गाव रिकामं करा!

आसपासच्या वस्त्या धरून सव्वादोनशे माणसं नाताळच्या तोंडावर घराबाहेर पडली. चर्चच्या दारावर मात्र एक चिठ्ठी राहिली. युद्ध जिंकायला मदत व्हावी म्हणून आम्ही घरं सोडली आहेत, ती जपा, आम्ही एक दिवस परत येऊ, असा तिचा मजकूर. वर आभारसुद्धा!

१९४५ मध्ये युद्ध संपलं. गाव परत मिळालं नाही. १९४८ मध्ये सरकारने ती जमीन सक्तीने विकत घेतली.

ही हकिकत वर्गात सांगितली, तेव्हा चौथीतली एक मुलगी ताडकन म्हणाली, "बाई, मग त्यांना फसवलंच की!" मी तिला गप्प केलं नाही. युद्धात सैन्याला जागा लागते, हे खरं. पण ज्यांनी भरवशावर घर दिलं, त्यांचा भरवसा राखायला नको?

आज तिथल्या बहुतेक घरांवर छपरं नाहीत. शाळा तर १९३२ मध्येच, मुलं कमी म्हणून बंद झाली होती. ती आता डागडुजी करून जुन्यासारखी मांडली आहे. बाकांवर मुलांच्या निसर्ग-निरीक्षणाच्या वह्याही आहेत. नांगर नाही, फवारणी नाही, त्यामुळे दरीत रानफुलं आणि पाखरं सुखात आहेत. माणसं तेवढी पाहुणी! सराव नसेल त्या दिवशी, बहुधा शनिवार-रविवारी यायचं आणि माघारी जायचं.

आपल्याकडेही कोयना, उजनी अशा धरणांच्या पाण्याखाली गावं गेली आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी अशा गावची आजी असेल, तर तिच्याजवळ बसा. निघताना काय बरोबर घेतलंस, काय मागे राहिलं, ते तिला विचारा. आणि हो, वहीत लिहून ठेवा.