पाठ, प्लगइन आणि भुलाबाईची गाणी

ध्वनिमुद्रण हा आमचा विषय नव्हे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आमची वर्षे गेली ती छापील आणि हस्तलिखित पाठांच्या संगतीत. तरीही नांदगाव खंडेश्वरातल्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्या छोटेखानी स्टुडिओत बसून गेले काही महिने ज्या प्रश्नाशी आम्ही झटत आहोत, तो मुळात पाठाचाच प्रश्न आहे अशी आमची खात्री होत चालली आहे. म्हणून हे टिपण.

२००९ साली भाद्रपद पौर्णिमा ते कोजागरी या महिन्यात गावातल्या चार वृद्ध स्त्रियांकडून आम्ही भुलाबाईची बारा गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. तांत्रिक बाजू या विद्यार्थ्याने सांभाळली. एक मायक्रोफोन, एक संगणक आणि इंटरनेटवरून मोफत मिळवलेली काही प्लगइन्स एवढीच त्याची सामग्री. बाराही गाण्यांवर संस्कार करून त्याने ती गाणाऱ्या आज्यांना ऐकवली. सात गाण्यांची सीडी झाली, उरलेली पाच दुसऱ्या सीडीसाठी ठेवली गेली. पुढे त्या चौघींपैकी तिघी निवर्तल्या. ती पाच गाणी पूर्ण करावीत म्हणून जुन्या फायली नव्या संगणकावर उघडल्या, तेव्हा पडद्यावर सापडत नसलेल्या प्लगइन्सची यादी तेवढी आली. आमचा विद्यार्थी वऱ्हाडीत म्हणाला, "आवाज तं येते सर, पण कोरडा येते. थो रंग नाही येत."

हा रंग कुठे गेला, हे समजून घ्यायला आम्हांला बराच वेळ लागला. प्लगइन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचा छोटा प्रोग्राम. एक आवाजाला गाभाऱ्यासारखा घुमारा देतो, दुसरा पंख्याची घरघर कमी करतो, तिसरा आवाजातला खर्ज वा तीक्ष्णपणा कमीजास्त करतो. गंमत अशी की, प्रकल्पाच्या फायलीत हा घुमारा नसतोच. तिथे असते फक्त प्लगइनचे नाव आणि त्याच्या बटणांच्या स्थिती. फाईल उघडली की प्लगइन हजर होते आणि तेवढ्यापुरता घुमारा निर्माण करते. म्हणजे फाईल ही पाककृती आहे, पक्वान्न नव्हे. आणि त्या पाककृतीतला मसाला एकाच दुकानात मिळत होता, ते दुकान आता बंद झाले आहे.

याला कारणे दोन, आणि ती वेगवेगळी आहेत. पहिले संगणकाच्या घडणीचे. २००९च्या सुमाराची बहुतेक प्लगइन्स ३२ बिटांची होती. असा प्रोग्राम एका वेळी फार तर ४ जीबी स्मृती हाताळू शकतो. संगीताचे काम वाढले तशी ही मर्यादा जाचू लागली आणि सॉफ्टवेअर ६४ बिटांकडे वळले. पण ६४ बिटांचा प्रोग्राम ३२ बिटांच्या प्लगइनला थेट आपल्या पोटात घेऊ शकत नाही. मध्ये दुभाषा बसवावा लागतो. असे दुभाषे निघाले, आजही आहेत. मात्र प्रत्येक प्लगइन त्यांच्याशी सरळ वागेलच असे नाही. ॲपलने तर २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटांचे प्रोग्राम चालवणेच थांबवले.

दुसरे कारण कराराचे. प्लगइन आणि मुख्य सॉफ्टवेअर यांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा एक संकेत लागतो. व्हीएसटी नावाचा असा संकेत हॅम्बुर्गच्या स्टाईनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणला. १९९९ मध्ये दुसरी आवृत्ती आली, २००८ मध्ये तिसरी. दुसरी आणि तिसरी या एकाच बोलीच्या दोन अवस्था नव्हेत, दोन भाषाच आहेत. दुसऱ्या आवृत्तीत प्लगइनची ओळख चार अक्षरांएवढी आणि बटणे अनुक्रमांकाने ओळखायची. तिसरीत ओळख लांबलचक आणि प्रत्येक बटणाला स्वतःचा स्थिर क्रमांक. जुन्या प्लगइनच्या जागी त्याचे नवे रूप आपोआप यावे असे वाटत असेल, तर 'हे त्याचेच उत्तररूप' अशी नोंद आणि जुन्या स्थिती वाचण्याची सोय मूळ कर्त्याने करून ठेवावी लागते. २०१८च्या ऑक्टोबरनंतर दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने मिळणे बंद झाले. तिसरी आवृत्ती २०२५ मध्ये अगदी मोकळ्या परवान्याखाली आली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण ज्या हौशी कर्त्याने आपले मोफत प्लगइन कधीच सोडून दिले, त्याच्या कृतीला त्याचा उपयोग नाही.

मराठीच्या अध्यापकांना हे दुःख अपरिचित नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला प्रबंध आज उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे उदाहरण तर फारच बोलके. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. हे शक्य झाले, कारण मजकूर सगळा पानावर होता, हरवली होती ती किल्ली. प्रकल्पाच्या फायलीचे तसे नाही. बटणांच्या स्थिती वाचता आल्या, तरी त्यांतून घुमारा निघत नाही. म्हणून आम्हांला अधिक जवळचे वाटते ते लीळाचरित्र. खल्जींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. हिराइसेला ती पाठ होती, तिच्या स्मरणातून पाठ सिद्ध झाला, आणि त्या पाठाला आजही तिचे नाव आहे.

आता खरा वाद. कोरडे ध्वनिमुद्रण साध्या वेव्ह फायलींत शाबूत आहे. त्यात आज्यांच्या बांगड्या ऐकू येतात, श्वास ऐकू येतो, पुढची ओळ कोणती म्हणून एकमेकींना केलेली कुजबुजही ऐकू येते. आमच्यापैकी एकाचे मत असे की हाच अस्सल पाठ. घुमारा हा प्रक्षेप होता, तो आपोआप गळून पडला हे बरेच झाले. दुसऱ्याचे म्हणणे वेगळे. २००९ मध्ये घुमाऱ्यासह गाणे ऐकून थोरल्या आजी म्हणाल्या होत्या, "देवळात म्हटल्यावानी वाटते." एका गाण्यात त्यांनी तो आणखी वाढवायला लावला होता, आणि कुजबुज काढून टाकायला सांगितली होती. म्हणजे तो रंग आमच्या विद्यार्थ्याची हौस एवढाच नव्हता. त्यात गाणारणीची पसंती होती. तिने नाकारलेली कुजबुज अस्सल म्हणून जगापुढे ठेवण्याचा अधिकार संशोधकाला कुणी दिला?

बऱ्याच चर्चेनंतर आम्ही दोघेही दुसऱ्या मताकडे आलो. सीडीवरची सात गाणी हा आमचा आधार. त्यांच्या कोरड्या मुद्रणावर आजचे प्लगइन लावून, सीडीशी कानाने ताडून पाहत विद्यार्थ्याने घुमारा बराचसा जवळ आणला. तोच उरलेल्या पाच गाण्यांना देत आहोत. हा अनुमानित पाठ आहे, मूळ नव्हे. तशी स्पष्ट नोंद प्रत्येक गाण्यासोबत राहील. जिथे आजींनी काही सांगितल्याचे पक्के स्मरते, तिथे त्यांचे शब्द. हयात असलेल्या आजींना पाचही गाणी ऐकवून त्यांचा होकार घेतल्यावाचून काहीही बाहेर जाणार नाही. त्यांनी पहिल्या दोहोंना मान हलवली, तिसऱ्याला "एवढं नोको" म्हणाल्या. तिसऱ्याचे काम पुन्हा सुरू आहे.

यापुढे गावात जे मुद्रण होईल, त्याची प्रत्येक आवाजपट्टी दोनदा साध्या वेव्हमध्ये उतरवायची, एकदा कोरडी आणि एकदा संस्कारित, असे ठरले आहे. सोबत मराठीत चार ओळींचे टिपण: काय केले, किती केले, कुणाच्या सांगण्यावरून केले. जागा जास्त लागते, पण डिस्क आता स्वस्त आहेत. खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळाचा घुमारा कुठल्याही प्लगइनवाचून शतके टिकला आहे. आपल्या संगणकातल्या घुमाऱ्याला मात्र दहा वर्षांचेही आयुष्य गृहीत धरता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.