आजी, उद्या आहेस का?



कार्तिकातली अष्टान्हिका आटोपून मी एका बालगृहात राहायला गेले, ती संक्रांत करूनच पालमला परत आले. तेव्हापासून मंडळात जी भेटते ती विचारते, "दिवसभर करत काय होतात हो तिथं?" आणि मग आवाज खाली आणून, "कांदा-बटाटा शिजत असेल ना?" दोन्हींची उत्तरं आज लिहिते. बालगृहाचं नाव मात्र लिहिणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आधी कांदा-बटाट्याचं. हो, शिजतो. मुलांना बटाट्याची भाजी फार आवडते. पहिल्याच दिवशी मी अधीक्षिकाबाईंना सांगितलं, की मी कणीक मळीन, पोळ्या लाटीन, डाळ-तांदूळ निवडीन; कंदमुळं चिरणार नाही आणि मुलांच्या ताटातून ती काढायलाही सांगणार नाही. माझा नियम माझ्यापुरता. त्यांनी लगेच मान्य केलं. थंडीच्या दिवसांत सूर्य लवकर मावळतो, म्हणून मी साडेपाचलाच जेवून घ्यायची. पोरांना वाटायचं, आजी रुसली म्हणून आपल्या पंगतीला बसत नाही. मग मी रात्री वाढायला उभी राहू लागले.

पहाटे पाचला घंटा व्हायची. मोठ्या मुली आपलं आपण आवरायच्या, लहानग्यांच्या वेण्या माझ्याकडे. तेल, फणी, उवा, लिखा, रिबिनी. सात वेण्या घालून झाल्या की कुणाचं तरी बटण तुटलेलं असायचं. मुलं शाळेत गेली की कोठीघर. बी.कॉम. केलेलं इतक्या वर्षांनी कामी आलं! आलेला माल, वापरलेला माल, शिल्लक अशी वही घातली. तेवढ्यानं सुद्धा मावशींचा रोजचा "साखर किती उरली" हा घोर गेला. संध्याकाळी पाढे, शुद्धलेखन, भांडणं सोडवणं. यात जगावेगळं काही नाही. चार लेकरांच्या घरात आपण जे केलं तेच, फक्त लेकरं तीस.

वेगळं होतं ते रात्रीचं. एक सहा-सात वर्षांची मुलगी जेवताना अर्धी पोळी फ्रॉकच्या खिशात घालायची आणि उशीखाली ठेवायची. पोटभर जेवायची, तरी ठेवायची. मावशी रागवत नसत. सकाळी गुपचूप काढून टाकत. "सकाळी पण मिळतं हे तिला अजून पटलं नाही," एवढंच म्हणत. तीच मुलगी रोज झोपताना मला विचारायची, "आजी, उद्या आहेस का?"

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगतात. आहार, औषध, शास्त्र आणि अभय. आहारदान आपल्या हातात बसलेलं आहे. वाढदिवस आला, पुण्यतिथी आली, की बालगृहात एक वेळचं जेवण. मी तिथं असताना एका रविवारी तीन वाढदिवस आले. मुलांनी तीनदा केक खाल्ला, तीनदा टाळ्या वाजवल्या, तीनदा फोटोला उभी राहिली. मंगळवारी मात्र कुणीच नव्हतं. जेवण मिळालं, ते चांगलंच झालं. पण त्या मुलीच्या उशीखालची पोळी केकनं हलली नाही. तिला हवं होतं ते अभय, आणि ते एका दिवसात देता येत नाही.

म्हणून मी पहिल्या आठवड्यातच भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या जाण्याच्या तारखेला गोल केला होता. मुलं रोज मोजायची. निघायच्या दिवशी रडारड झाली, पण फसवलं असं कुणाला वाटलं नाही. ती मुलगी शेवटपर्यंत पोळी ठेवत होती. रोज नव्हे, पण ठेवत होती. दोन महिन्यांत तेवढंच होतं.

तुम्हाला १९९३ आठवत असेल. अनंत चतुर्दशी होऊन आपलं दशलक्षण पर्व संपलं, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याकडेही भांडी वाजली होती. धान्य, कपडे, भाकरी घेऊन सगळा महाराष्ट्र धावला. पण शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं पुढचा विचार केला. सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि वाघोलीत त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय उभी केली. पहिल्या आठवड्याची भाकरी पुष्कळांनी दिली. पुढची कित्येक वर्षं "उद्या आहोत" म्हणणं, ते खरं अवघड काम.

आणखी एक गोष्ट तिथं गेल्यावरच कळली. आपण सरसकट अनाथाश्रम म्हणतो, पण बऱ्याच मुलांना आई आहे. बाप गेलेला, आई उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली. कोयता घेऊन दिवाळीनंतर गेली की उन्हाळ्यापर्यंत फडातच. लेकरू कुठं ठेवायचं? अशा आईला हाताशी थोडे पैसे आणि कुणी नातेवाईक असला तर लेकरू घरीच राहील. त्यासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलांनाही ती मिळते, आणि २०२३ पासून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आपल्यासाठी परभणीला. आपल्या घरी धुणं-भांडी करायला येणाऱ्या बाईला हे माहीत आहे का, एकदा विचारा. तिचे कागद गोळा करून देणं, फॉर्म भरून देणं आपल्याला सहज जमेल. एक लेकरू आईजवळ राहिलं, तर ते शंभर ताटांइतकं आहे.

आता नावाचं कारण. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे अशा मुलांचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. तेव्हा वाढदिवसाचे ते फोटो स्टेटसवर टाकू नका. उद्या ते मूल मोठं होईल, नोकरीला लागेल, लग्न करेल. आपल्या दानाचा शिक्का त्याच्या कपाळावर कशाला? एखादं लेकरू एकटं, हरवलेलं दिसलं तर परस्पर घरी ठेवून घेऊ नका, कुठल्या आश्रमातही सोडू नका. १०९८ ला फोन करा, तो फुकट आहे आणि रात्रंदिवस चालतो. त्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. पुढचं ती ठरवते.

मंडळात मी एक सुचवलं आहे. प्रत्येकीला दोन महिने घर सोडणं जमणार नाही, सुना-नातवंडं आहेत, मंदिर आहे. पण दर गुरुवारी दोघींनी जायचं, वर्षभर, आधी ठरवून. पोलीस पडताळणीचा दाखला लागेल, तो काढू. नेताना काही नेलं नाही तरी चालेल. वेण्या घालायच्या, पाढे घ्यायचे आणि येताना पुढच्या गुरुवारी कोण येणार ते नाव घेऊन सांगायचं. आणि सांगितलं की यायचं. पाऊस असो, पाहुणे असोत.

पाच जणींनी नावं दिली आहेत. वर्षभर निभवायला निदान बारा हव्यात.