चौबगला

राजूरच्या माणसाला पांढऱ्या कपड्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. एकीकडे कोळशाची काळी धूळ, दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्यांची भुकटी. आमच्या मामंजींनी उभे आयुष्य कोळशाच्या खाणीत काढले. पण रविवारी मिस्साला निघताना त्यांचे धोतर बगळ्याच्या पंखासारखे शुभ्र असे. त्यांच्यामागे सासूबाईंनी त्यातले एक धोतर ट्रंकेत जपून ठेवले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात घरातल्या धाकट्याला मावळ्याची भूमिका मिळाली, तेव्हा त्यांनी ते स्वतःहून आम्हा दोघी जावांच्या हाती दिले. म्हणाल्या, "याची बाराबंदी करा. नातवाच्या अंगावर शोभेल."

धोतर अर्धेअधिक विरलेले होते. धड कापड निघाले जेमतेम दीड वार. शिवणयंत्र घरात असूनही आम्ही हातानेच शिवायचे ठरवले. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा राजापासून शिपायापर्यंत सर्वांचे कपडे हातशिलाईचेच होते. सिंगरने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ साली. शिवाय विरलेल्या कापडाला यंत्राच्या सुईचा धाक सोसवेल, असे वाटेना. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा ओढून घेतला, म्हणजे तो गुंतत नाही, आणि आम्ही कामाला बसलो.

बाराबंदी म्हणजे बारा बंदांची बंडी. बटण नाही, काज नाही. एक पाखा दुसऱ्यावर आणून बंदांच्या सहा गाठी मारायच्या. बारा बंद शिवायला आम्हाला दोन रात्री लागल्या. मग मुलाच्या अंगावर घालून पाहतो, तो वरचा पाखा उजवीकडे बांधला जात होता! कापड समोर पसरून आम्ही आमची डावी बाजू तीच त्याची डावी धरली होती. मोगल काळातल्या चित्रांत हिंदूंचा जामा डाव्या बगलेखाली आणि मुसलमानांचा उजव्या बगलेखाली बांधलेला दिसतो. अभ्यासक त्यावरून चित्रातला माणूस ओळखतात. आमच्या मावळ्याची गाठ डावीकडे हवी होती.

"प्रेक्षकांत कोणाला कळणार आहे?" हा विचार आम्हा दोघींच्याही मनात आला, हे कबूल केले पाहिजे. पण रोज ती बंडी डोळ्यांसमोर येई आणि मन खाई. शेवटी चिडून एक बंद ओढून काढला, तर त्याबरोबर कापडही टरकले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "उसवा न मग सावकाश. उसवल्यानं कापड मरत नाही, ओढल्यानं मरते."

त्यांनीच रीत दाखवली. दर तिसरा-चौथा टाका सुईच्या टोकाने उचलून कापायचा, कापड उलटून दुसऱ्या बाजूने दोरा अलगद काढायचा, मग ओला हात फिरवून इस्त्री करायची, म्हणजे सुईची भोके मिटतात. दोन रात्रींचे काम उसवायला एक संध्याकाळ लागली. पुन्हा शिवताना आधी कच्चा धावदोरा घातला, मुलाच्या अंगावर पाहिले आणि मगच पक्की टीप मारली. ही अक्कल आधी सुचली असती तर!

खरी चूक पुढेच होती. तालमीत धाकट्याने तलवार उगारली आणि काखेत टर्रकन शिवण गेली. जुन्या अंगरख्यांत बाही आणि अंग जिथे मिळतात तिथे काखेत कापडाचा एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असतो. त्याला चौबगला म्हणतात. कापड तिरके धरले की ताणते, म्हणून हात मोकळा वर जातो. दिसायला तो तुकडा कोठेच दिसत नाही; म्हणूनच आम्ही तो विसरलो होतो.

आता कापड उरले नव्हते. उरला होता धोतराचा एक कोपरा, त्यावर वेडेवाकडे रफू. खाणीतल्या कामाने राठ झालेल्या हातांनी मामंजींनी स्वतःच केलेले. तो कापावा कसा? ट्रंकेत तेवढी एकच खूण उरणार होती. आम्ही दोघींनी कात्री खाली ठेवली. सासूबाईंनी तो कोपरा उचलला, रफूवरून बोट फिरवले आणि स्वतःच त्याचे दोन चौकोन कापले. मजबुतीसाठी खाली मांजरपाटाचे अस्तर लावले. पूर्वी कापड महाग आणि मागाचा पन्हा अरुंद. त्यामुळे जुन्या कपड्यांत असे जोड सर्रास सापडतात. जोड असणे हा त्या कारागिरांना कमीपणा वाटत नसे.

संमेलनाच्या दिवशी मावळ्याने तलवार उंच उगारली. टाळ्या झाल्या. सगळ्यांच्या नजरा तलवारीवर होत्या; सासूबाईंची मात्र त्याच्या काखेकडे. टाका सुटला नाही. तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि आम्ही दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरला.