थंड नळीची पहिली गोळी

भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं गेज रूममध्ये काम केलं. एखाद्या लेथवर काढलेले तीन नग मापात बसले, एवढ्यावर ती लेथ चांगली असं तिथे कुणीही मानत नसे. निदान तीस नग मोजा, फैलाव काढा, मग बोला. लग्नानंतर मोंटानात आले आणि सासऱ्यांच्या मित्रमंडळींत बसू लागले, तेव्हा ऐकत होते ते सगळं तीन गोळ्यांबद्दलचं. शंभर यार्डांवरून तीन गोळ्या मारायच्या, एकमेकींना चिकटलेली तीन भोकं पडली की तो कागद जपून ठेवायचा, आणि रायफल अर्ध्या इंचाची आहे असं सांगायचं. माणसं खरी होती, कागदही खरे होते. निष्कर्ष मात्र मला पटत नव्हता.

हिशेब सोपा आहे. एकाच रायफलीतून, त्याच काडतुसांनी तीन-तीन गोळ्यांचे गट मारत राहिलं आणि त्यांची सरासरी एक इंच आली, तर दहा-दहा गोळ्यांच्या गटांची सरासरी दीड इंचाच्या थोडी पुढे येते. रायफल बिघडलेली नसते. आधी तिचा पुरता फैलाव दिसलेलाच नसतो. एल्कवर, म्हणजे इथल्या मोठ्या हरणावर, बार टाकायचा तर मला तो पुरता फैलाव माहीत हवा होता. तीनशे किलोचा नर जखमी होऊन दाट झाडीत शिरला, तर त्याचे हाल आपण केलेले असतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. इथली घडी वेगळी बसली आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो, परवाने मोजून दिले जातात, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकणं हा गुन्हा आहे. आमच्या घरी वर्षभर तेच मांस शिजतं. ते मिळवायचं तर नीट मिळवावं, म्हणून मी काडतुसं घरी भरायला लागले.

रायफल सासऱ्यांची. विंचेस्टर मॉडेल ७०, १९६४ च्या आधीची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. काडतूस थर्टी-ऑट-सिक्स, अमेरिकी लष्कराने १९०६ साली घेतलेलं. सासरे आयुष्यभर त्यात १८० ग्रेनची शिशाच्या गाभ्याची गोळी वापरत आले. मी १६८ ग्रेनची अखंड तांब्याची गोळी निवडली, आणि आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात. रानात सोडलेल्या आतड्यांवर गरुड आणि डोमकावळे जमतात; शिकारीच्या हंगामात जॅक्सन होलच्या डोमकावळ्यांच्या रक्तातलं शिसं वाढतं, हे तिथल्या संशोधकांनी रक्त तपासून दाखवलं आहे. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. माझी मुलगी तेव्हा नुकती मांस खायला लागली होती. सासऱ्यांनी शेवटी एवढंच म्हटलं, ‘‘तुझी गोळी तू भर. पण जनावर जागेवर पडलं पाहिजे.’’

तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. काडतुसाच्या पितळी पुंगळीत ती खोल बसवावी लागते आणि दारूची जागा खाते. शिवाय नळीतले आटे जिथे सुरू होतात तिथपासून तिला थोडं मागे ठेवलं तर ती बहुधा खूश असते. सव्वा मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करायची आणि पुढेमागे करून पाहायचं. शिशाच्या गोळीचे आकडे तांब्याच्या गोळीला लावणं धोक्याचं आहे. दारू किती भरली याचा आकडा मी इथे देत नाही, कुणालाच देत नाही. गोळी बनवणाऱ्याच्या पुस्तकात त्या गोळीसाठी खालचा आणि वरचा आकडा छापलेला असतो. खालून सुरू करायचं, थोडं थोडं चढायचं. बोल्ट उचलताना हात अडला, टोपी चपटी दिसली, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, की पुस्तकातला वरचा आकडा अजून लांब असला तरी तिथेच थांबायचं.

खरं काम पुंगळीवर असतं. बार झाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतींना टेकतं. साच्यात घालून ते परत मापात आणायचं, पण पुंगळीचा खांदा फक्त पाच शतांश मिलिमीटर मागे ढकलायचा. जास्त ढकलला तर पुंगळी दर वेळी ताणली जाते आणि बुडाच्या वर कमकुवत होते. मी वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवते. ताणलेल्या जागी तार किंचित अडखळते. ती पुंगळी बाद, बाहेरून कितीही सुंदर दिसो. मानेचं पितळ तर पुन्हा पुन्हा दाबून कडक होत जातं, मग एक पुंगळी गोळीला घट्ट धरते, दुसरी सैल, आणि वेग वरखाली होतो. म्हणून दर दोन-तीन भरण्यांनंतर मी माना ज्योतीवर तापवून नरम करते. खोली काळोखी करायची, पुंगळी फिरवत ठेवायची. मानेवर रंगाची अगदी पुसट चाहूल लागली की बाजूला. बुडाला उष्णता पोचू द्यायची नाही, कारण सगळा दाब ते बूड सोसतं. हे काम मला फार आवडतं.

वजनाचं माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे जवळपास ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून थोडं जास्त. माझा तराजू त्याचा दहावा हिस्सा दाखवतो. दारूचे दाणे बारीक कापलेल्या शेवयांच्या तुकड्यांसारखे असतात, आणि शेवटचे दोन-चार दाणे टाकताना काटा हलताना दिसतो. त्याही खाली जाऊन एकेक दाणा मोजणारे लोक आहेत. हजार यार्डांच्या स्पर्धेत त्याला अर्थ असेल. शिकारीच्या रायफलीत माझ्या मोजमापांत तो फरक कुठे दिसला नाही. मानांचा सारखेपणा आणि दस्त्याची बैठक यांचा दिसला, आणि ठळक दिसला.

दस्त्याचं असं की अक्रोडाचं लाकूड ओल पितं, सुकतं, हलतं. वसंतात लावलेला नेम शरद ऋतूत दोन इंच सरकलेला असायचा. गावातल्या बंदूक-कारागिराने रिसिव्हरखाली इपॉक्सीचा थर देऊन बैठक पक्की केली आणि नळी लाकडापासून मोकळी केली. त्यानंतर काडतुसांमधला फरक मला खरोखर मोजता यायला लागला. त्याआधी मी लाकडाचं हलणं मोजत होते.

माझी मुख्य पद्धत सासऱ्यांना सुरुवातीला विचित्र वाटली. रेंजवर गेलं की आधी थंड नळीतून एकच गोळी, ठरवून ठेवलेल्या कागदावर. तो कागद काढून घडी करून वहीत. बाकीचा सराव दुसऱ्या कागदांवर. पुढच्या वेळी तोच कागद पुन्हा लावायचा, पुन्हा एक गोळी. कडक उन्हात, वाऱ्यात, पावसानंतर, जानेवारीत हातमोजे घालून. वर्षभराने त्या एका कागदावर दिसतो तो रायफलीचा खरा गट. प्रत्येक भोक वेगळ्या दिवसाचं. एल्कला मिळते ती गोळी हीच असते. त्याच्यापुढे कुणी आधी नळी गरम करून घेत नाही. दोन गोष्टी त्या कागदाने लगेच दाखवल्या. स्वच्छ करून तेल लावलेल्या नळीची पहिली गोळी वर-उजवीकडे जाते, म्हणून हंगामाआधी नळी साफ केल्यावर थोड्या गोळ्या मारून ती तशीच ठेवायची. आणि थंडीचा बाऊ मी समजत होते तेवढा नाही. माझ्या दारूचा वेग कडाक्याच्या गारठ्यात सेकंदाला साठेक फुटांनी उतरला, तरी तीनशे यार्डांवर गोळी इंचभरच खाली जाते. वारा त्याहून कितीतरी जास्त ढकलतो. जेवढा वेळ लोक दारूच्या थंडीची चिंता करण्यात घालवतात, तेवढा वारा वाचायला शिकण्यात घालवावा.

सगळं जमून आल्यावर आमची रायफल थंड नळीने, ऋतू कोणताही असो, दीड इंचात राहते. कुणी हा आकडा ऐकून मान डोलावत नाही. मला तो अभिमानाचा वाटतो, कारण त्यातली एकही गोळी मी वगळलेली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी पाच आठवड्यांचा हंगाम सुरू होतो. नारिंगी जाकीट घालून, गॅलॅटिन डोंगरांच्या एका उतारावर सासरे आणि मी बर्फात पालथे पडलो होतो. कळप उघड्यावर आला तेव्हा वारा समोरून होता. अंतर दोनशे यार्डांच्या जरा पुढे. नराने कूस दिली, मी खांद्यामागे नेम धरला आणि चाप दाबला. तो चाळीसेक पावलं चालला आणि बसला. गोळी आरपार गेली होती. सोलताना सासऱ्यांनी खांद्याचं मांस बोटांनी चाचपलं, जखमेभोवती किती वाया गेलं ते पाहिलं. तळहाताएवढंच काढून टाकावं लागलं. ‘‘यातलं सगळं खाता येईल,’’ ते म्हणाले, आणि सुरी पुन्हा चालवायला लागले.

हिवाळ्यात नवऱ्याचा पुतण्या आला. त्याचीही थर्टी-ऑट-सिक्स. ‘‘काकू, तुझा दारूचा आकडा दे ना, मी तेवढीच भरतो.’’ मी नाही म्हटलं. त्याचं चेंबर वेगळं, नळी वेगळी, पुंगळ्या दुसऱ्या कंपनीच्या. माझ्या रायफलीत बरोबर असलेली भरती त्याच्याकडे दाबाची मर्यादा ओलांडू शकते. त्याला पुस्तक दिलं, व्हर्नियर दिला, आणि शनिवारी आपल्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन ये म्हणून सांगितलं. तो आला. पहिला अख्खा दिवस आम्ही दारूचा डबा उघडलाच नाही, नुसत्या पुंगळ्या मोजल्या. पाच बाद निघाल्या.